वाचकांचे प्रश्न : भाई माधवराव बागल, संस्थानातला लढा आणि घरातले जुने कागद

गेल्या अंकात भाई माधवराव बागल यांच्यावर लेख आला, त्यानंतर आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : माधवराव खंडेराव बागल यांचा जन्म २८ मे १८९५ चा, निधन ६ मार्च १९८६ चे. वडील खंडेराव सत्यशोधक विचारांचे, ‘हंटर’ साप्ताहिकाचे संपादक. माधवराव चित्रकला शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कोल्हापूर संस्थानातल्या प्रजा परिषदेचे ते अध्वर्यू, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले. १९७२ साली पद्मभूषण मिळाले. आणि या सगळ्या धामधुमीत लिहिणे कधी थांबले नाही : आत्मचरित्र, राजकीय पुस्तिका, शाहू महाराजांच्या आठवणी, कोल्हापूरच्या चित्रकारांवरचे लेखन.

आमच्या शाळेतली आठवीची मुले बागलांवर तक्त्यांचे प्रदर्शन मांडणार आहेत. एका पाहुण्यांनी ‘काँग्रेसच्या चळवळीत इंग्रजांविरुद्ध लढले’ असे लिहायला सांगितले. दुसरे म्हणाले, ते मुळात चित्रकार. नेमके काय लिहावे आणि तक्ते किती करावेत? – एक शिक्षिका, कागल

‘इंग्रजांविरुद्ध लढले’ हे खोटे नाही, पण तेवढे वाचून मुलांच्या हाती काही लागणार नाही. बाई, तुमचे कागल तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतेच. ती कोल्हापूर दरबारच्या अमलाखालची जहागीर होती. सारा वसूल व्हायचा तो संस्थानच्या अमलात, पोलीस संस्थानचे, कोर्टकचेरी संस्थानची. दरबाराच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला. म्हणजे शेतकऱ्याच्या वर एक नव्हे, दोन-तीन मजले होते. पुण्या-मुंबईतला कार्यकर्ता थेट इंग्रज सरकारशी भांडत होता, कोल्हापूरच्या कार्यकर्त्याला आधी आपल्याच राजाच्या कारभाराशी भांडावे लागले. तो राजाही कोणाचा वारस, तर शाहू महाराजांचा, ज्यांना बहुजन समाज आणि बागल घराणे दोघेही मानत होते. या भांडणातली अवघड गाठ ती हीच. पहिला तक्ता याच गाठीवर करा.

दुसरी गोष्ट काँग्रेसची. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ठरवले की, संस्थानांतला लढा काँग्रेसच्या नावाने चालवायचा नाही, तिथल्या प्रजेने स्वतःच्या संघटना उभ्या कराव्यात. त्यातून ठिकठिकाणी प्रजा परिषदांनी जोर धरला. कोल्हापूरची प्रजा परिषद फेब्रुवारी १९३९ मध्ये जयसिंगपुरात उभी राहिली. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातली ठळक नावे. मागण्या मुख्यतः दोन : शेतसारा कमी करा आणि जबाबदार राज्यपद्धती द्या, म्हणजे कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती असू द्या. त्याच महिन्यात लुधियानाला अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरली होती, आणि महिनाभर आधी औंधच्या राजांनी आपणहून राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घटना केली होती. शेजारच्या औंधात राजाने स्वतः देऊ केले ते कोल्हापुरात मागून मिळत नव्हते, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा. चटकन कळते. या लढ्यात बागलांना तुरुंगवासही घडला.

अशा तक्त्यांत नेहमी होणारी चूक म्हणजे कोल्हापुरात जे जे घडले ते एकाच माणसाच्या नावावर टाकणे. १३ डिसेंबर १९४२ चा गारगोटी कचेरीवरचा हल्ला, त्यात पडलेले ७ हुतात्मे, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या विल्सनच्या पुतळ्याची मोडतोड हे सारे त्याच काळातले, पण ते करणारे हात वेगळे होते. त्यांची नावे त्यांच्याच तक्त्यावर यायला हवीत. रत्नाप्पाण्णा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले, तेही विसरू नका.

आता ‘चित्रकार की नेता की लेखक’. कृपा करून असे तीन तक्ते करू नका. तसे केले की मुलांना तीन निरनिराळी माणसे दिसतात. काळाप्रमाणे लावा. बागलांचे वैशिष्ट्यच असे की, समोरच्या माणसाचा चेहरा न्याहाळणारा चित्रकार आणि सभेत शेतकऱ्याला समजेल असे बोलणारा पुढारी एकाच लेखणीतून लिहीत होते. सात तक्ते पुरतात : संस्थान आणि दरबार, घरचा सत्यशोधक वारसा आणि शाहू महाराज, जे. जे. आणि कोल्हापूरची चित्रकला, प्रजा परिषद, विलीनीकरण (१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात गेले), बिंदू चौक आणि संयुक्त महाराष्ट्र, शेवटचा लेखनाचा, त्यात निवडक पुस्तकांची मुखपृष्ठे.

तक्ता साधारण २ फूट बाय ३ फूट. मजकूर १२० ते १५० शब्द, त्यापुढे उभ्याने कोणी वाचत नाही. मथळ्याचे अक्षर ४ सेंटिमीटर, मजकुराचे ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे दीड मीटरवरून वाचता येते. तक्त्याचा मध्य जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर ठेवा. मोठ्यांसाठी १४५ चालते, पण तुमचे प्रेक्षक आठवीचे आहेत. फ्लेक्सवर दिव्याची तिरीप पडते आणि वाचता येत नाही, सनबोर्डवर मॅट छपाई घ्या. फोटोखाली कुठला, कधीचा, कोणाच्या संग्रहातला हे तिन्ही लिहा. चित्राची नोंद असेल तर आधी उंची, मग रुंदी, माध्यम आणि सही कुठल्या कोपऱ्यात आहे ते. तारीख मात्र २८ मे धरू नका, शाळेला सुट्टी असते. ६ मार्चला परीक्षांची घाई. ९ डिसेंबर सोयीचा, आणि त्या तारखेचा बागलांशी संबंध काय ते पुढे एका उत्तरात आले आहे.

वडिलांच्या टिपणवहीत ‘माघ, शके १८६०, जयसिंगपूरला सभेस गेलो’ अशी ओळ आहे. शकात ७८ मिळवले तर १९३८ येते. मग परिषद १९३९ ची कशी? – एक वाचक, जयसिंगपूर

वडिलांची नोंद बरोबर आहे, बेरजेत एक कमी पडला. शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. पौषाचा उरलेला भाग, माघ आणि फाल्गुन या दुसऱ्या गटात येतात. १८६० अधिक ७९, म्हणजे १९३९. त्या वर्षीचा माघ २१ जानेवारीच्या सुमारास लागला आणि १९ फेब्रुवारीच्या सुमारास संपला, म्हणजे परिषदेच्या महिन्याशी ओळ जुळते. नोंदीत तिथी असेल तर पंचांगातून दिवसही काढता येईल. मात्र शुद्ध की वद्य हे आधी नीट वाचा. जुन्या हातात ‘शु॥’ आणि ‘व॥’ यांची गल्लत होते आणि तारीख पंधरा दिवसांनी सरकते.

हाच घोटाळा फसली सनात होतो. साऱ्याच्या पावत्यांवर आणि महसुली कागदांवर फसली साल असते. ते मृग नक्षत्र लागते तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. जून ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारी ते मृग लागेपर्यंत ५९१. फसली १३४८ म्हणजे जून १९३८ ते जून १९३९. परिषद भरली ती याच फसली सालात. घरात १३४५ ते १३५० पर्यंतच्या पावत्या सापडल्या तर त्याच गटाचा, त्याच क्षेत्राचा सारा दरसाल किती भरला ते एका कागदावर उतरवा. सारा कमी करण्याची मागणी का पेटली हे भाषणांपेक्षा त्या आकड्यांतून कळते. मूळ कागदावर पेन्सिलनेही इसवी सन लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

निबंधासाठी बागलांचे आत्मचरित्र ‘जीवनप्रवाह’ वाचतो आहे. आत्मचरित्रातला मजकूर पुरावा म्हणून कितपत धरावा? – एक विद्यार्थी, इचलकरंजी

धरावा, पण कशासाठी धरता ते आधी ठरवा. माणसे कशी होती, सभेत काय वातावरण होते, एखादा निर्णय घेताना मनात काय चालले होते, यासाठी आत्मचरित्रासारखे साधन नाही. नेमकी तारीख, सभेला किती माणसे, कोण आधी बोलले, यासाठी ते एकटे पुरत नाही. हा बागलांवरचा आक्षेप नव्हे. जगात कोणीही मागे वळून लिहिताना वीस वर्षांचा काळ दोन प्रकरणांत बसवतो, मग दोन सभा एक होतात आणि वादातली समोरची बाजू आखडते.

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात आत्मचरित्रातले विधान, पान क्रमांकासह. दुसऱ्यात त्याच वेळी तयार झालेला कागद : संस्थानचे ‘करवीर सरकारचे गॅझेट’, वार्षिक प्रशासन अहवाल, त्या आठवड्याचे वर्तमानपत्र. तिसऱ्यात जुळते, जुळत नाही किंवा सापडले नाही, यांतला एक शेरा. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. तिथे जाताना महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्र न्या, आणि विषय ‘बागल’ असा न सांगता खाते व साल सांगा. दप्तर खात्यांप्रमाणे लावलेले असते, माणसांप्रमाणे नाही. ‘बागलांवरचे कागद दाखवा’ म्हणणारा विद्यार्थी हात हलवत परत येतो, तो यामुळे. रेसिडेंटकडचा इंग्रजी पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, त्याच्या याद्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. सरकारी कागदालाही डोळे मिटून मानू नका. पोलिसांचा अहवाल वरच्या साहेबाला खूश करण्यासाठीही लिहिलेला असतो.

आणि एक सुचवतो. फक्त आत्मचरित्रावर थांबू नका. ‘कोल्हापूरचे कलावंत’सारखे लेखन राजकारणाच्या अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. चित्रकार आबालाल रहमान १९३१ साली वारले. अशा माणसांबद्दल, स्वतः कुंचला धरलेल्या समकालीनाने मराठीत लिहून ठेवावे ही कोल्हापूरच्या भाग्याची गोष्ट आहे. बागलांची नजर कशी चालते हे तिथे अधिक मोकळेपणी दिसते, कारण तिथे त्यांना कोणाशी वाद घालायचा नसतो.

बिंदू चौकातला डॉ. आंबेडकरांचा पुतळा त्यांच्या निधनानंतरचा का? आणि बागलांना ‘भाई’ का म्हणत? – एक वाचक, राजारामपुरी

आधीचा. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला तिथे बसले, त्यामागे पुढाकार बागलांचा. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतच सहा वर्षे हा पुतळा उभा होता. डाव्या विचारांच्या आणि शेतकरी कामगार पक्षाच्या वर्तुळात कार्यकर्ते एकमेकांना ‘भाई’ म्हणत, तेच संबोधन त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

माझ्या आजेसासूबाई ९५ च्या पुढे आहेत. त्यांच्या माहेरी प्रजा परिषदेचे कार्यकर्ते येत-जात असत. त्यांच्या आठवणी टिपून ठेवायच्या आहेत, पण साल विचारले की त्या गप्प होतात. – एक वाचक, गडहिंग्लज

साल विचारूच नका. त्यांच्या पिढीतल्या बायकांची कालगणना सालात नाही, घडलेल्या गोष्टींत असते. आपल्याकडे खुंट्या ठोकून ठेवा आणि त्यांच्या आठवणी त्यांवर टांगा. राजाराम महाराज वारले (२६ नोव्हेंबर १९४०), गारगोटीला गोळीबार झाला (डिसेंबर १९४२), गांधीजींना मारले (३० जानेवारी १९४८), कोल्हापूर खालसा झाले (१ मार्च १९४९). ‘हे महाराज वारायच्या आधी की नंतर?’, ‘तेव्हा तुमचे लग्न झाले होते का?’, ‘थोरले पोर पोटात होते की रांगत होते?’ असे विचारले की वर्षभराच्या आत काळ सापडतो.

राजकारणही थेट विचारू नका. ‘प्रजा परिषदेचे काम काय चालायचे?’ याला उत्तर येते, ‘आम्हां बायकांना काय कळतंय त्यातलं.’ त्याऐवजी विचारा : माणसे आली की सोप्यात बसायची की माडीवर? भाकरी किती टाकायला लागायच्या? रात्री आली तर कंदील बाहेर ठेवायचा की आत? पोलीस आले तर कागद कुठे जायचे? एका माणसाला दोन भाकरी धरल्या आणि आजी म्हणाल्या ‘चाळीस थापल्या’, की वीसेक माणसांची बैठक तुमच्या हाती आली. कुठल्याही सरकारी अहवालात हा आकडा मिळणार नाही.

सकाळी चहा-नाष्ट्यानंतर बसा, ४० ते ४५ मिनिटांवर नको. मोबाईल विमान मोडवर टाका, पंखा बंद ठेवा, कारण त्याची घरघर नंतर काढता येत नाही. फोन आजींपासून फूटभर अंतरावर, उशीवर नव्हे तर घट्ट पाटावर. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलते आहे ते तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा.

बिघडते ते बहुधा घरच्यांमुळे. मुलगा शेजारी बसून ‘आई, ते बागलच होते की’ म्हणतो, आणि आजी ‘हो बाळ’ म्हणतात. तिथून पुढची सगळी साक्ष वाया. नाव तुम्ही पुरवायचे नाही. ‘उंच होते का? काय घालायचे? बोलायचे कसे?’ असे विचारत राहा. त्यांना नाव आठवलेच नाही तर ‘नाव आठवत नाही’ असेच लिहा. तीच गोष्ट आठ दिवसांनी वेगळ्या प्रश्नातून पुन्हा विचारा. दोन्हीकडे तेच आले तर पक्के. लिहून काढताना त्यांची बोली सुधारू नका. ‘आल्यात’, ‘बसल्याती’ तसेच राहू दे.

आमच्या गावच्या वाचनालयाला बागलांची एक दुर्मीळ पुस्तिका पुन्हा छापायची आहे. लेखक जाऊन इतकी वर्षे झाली, मग परवानगी लागेल का? – वाचनालयाचे एक कार्यवाह, राधानगरी तालुका

लागेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि ती ६० वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. बागल १९८६ मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी १९८७ पासून ६० वर्षे, म्हणजे ३१ डिसेंबर २०४६ पर्यंत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. सेनापती बापटांचे १ जानेवारी २०२८ ला होईल. लेखकाच्या पश्चात प्रथमच छापले गेलेले लेखन असेल तर मुदत त्या प्रकाशनापासून धरतात. पत्रांत लोक हमखास चुकतात : पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा.

वारसांकडून घ्यायची परवानगी लेखी हवी. त्यात पुस्तिकेचे नाव आणि मूळ आवृत्ती, प्रती किती, किंमत किती, कागदी की ई-पुस्तकही, मोबदला किती किंवा विनामोबदला, मुदत आणि प्रदेश हे सगळे यायला पाहिजे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एकाच सहीवर छापले आणि नंतर भाऊबंदकीतून पत्र आले की छापलेल्या प्रती कपाटात पडून राहतात. मूळ प्रकाशकाकडे हक्क दिलेले होते का, हेही वारसांना विचारून त्याच पत्रात नमूद करून घ्या.

तोवर एक वाट मोकळी आहे. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या उपयोगासाठी जास्तीत जास्त ३ प्रती करून घेता येतात, वाचनालय चालवणाऱ्याच्या देखरेखीखाली. वाचकाच्या हाती झेरॉक्स प्रत द्या, मूळ प्रत कुलपात ठेवा. समीक्षेत किंवा लेखात थोडा उतारा नावानिशी द्यायला परवानगी लागत नाही.

आमच्या घरी १९४० च्या आसपासच्या पुस्तिका, पत्रके आणि काही पत्रे आहेत. पाने तपकिरी होऊन कडा मोडतात. २०१९ च्या पुरात काही भिजलीही. बाइंडरकडे द्यावीत का? – एक वाचक, शिरोळ

आत्ता लगेच नको. त्या काळचा स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातून युद्धात कागदाची टंचाई. अशा कागदात आम्ल तयार होत राहते, ते धाग्यांना आतून तोडते. म्हणून कडा आधी जातात, मग घडी पडते तिथे पान दुभंगते. हातकागदावरची शंभर वर्षे जुनी मोडी पत्रे शाबूत आणि १९४२ चे पत्रक चुरा, असे दिसते ते यामुळे.

बाइंडर दोन गोष्टी सवयीने करतो आणि दोन्ही घातक. तो कडा कटरने समान करतो, त्यात समासातल्या हाताने लिहिलेल्या नोंदी जातात. आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो. त्यातले तांबे आम्लाचे काम आणखी वेगाने करते. सेलोटेप तर अजिबात नको. आठ-दहा वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा चिकट पिवळा डाग अक्षरांसकट पानात मुरतो. लॅमिनेशनही नको, ते परत सुटत नाही.

आधी साफसफाई. गंजलेल्या टाचण्या उपसू नका. टाचणीखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मग तिची टोके उलटी करून उचला. एक इंची मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे धूळ काढा, फुंकर मारू नका. नंतर लगेच स्कॅन : छापील मजकूर ३०० डीपीआय, फोटो आणि पेन्सिलची अक्षरे ६००. मूळ फाइल टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये, आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती. पान उघडत नसेल तर स्कॅनरवर दाबू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, वरून मोबाईलने फोटो घ्या.

फाटलेले जोडायचे तर जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटे, पारदर्शक चकाकी येईपर्यंत. गार झाल्यावर गाळून घ्या, मीठ, मोरचूद, फेविकॉल काही नको. लागेल तेवढीच करा, दोन-तीन दिवसांत आंबते. टिश्यूची ६ ते ८ मिलिमीटर रुंद पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशची रेघ ओढून तिथून फाडायची, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात आणि जोड कागदात मिसळतो. कात्रीने कापलेल्या सरळ कडेवर पान पुन्हा मोडते. खळ पातळ लावा, फाटीच्या दोन्ही कडा बसवा, वर-खाली बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर काचेचा तुकडा आणि वजन, तीन तास. पहिले पाच-सहा जोड जुन्या वर्तमानपत्रावर करून बघा. शाईची पत्रे असतील तर कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर ओला कापूस टेकवून शाई सुटते का पाहा. सुटली तर खळीच्या वाटेला जाऊच नका.

भिजून वाळलेल्या गठ्ठ्यात पाने चिकटली असतील तर ओढू नका, ते काम अभिलेख-संवर्धन जाणणाऱ्याचे. पुढच्या पुरासाठी मात्र हे घरात लिहून लावा : ओला गठ्ठा उघडायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. ४८ तासांत बुरशी धरते. थोडी पुस्तके असतील तर दर आठ-दहा पानांनंतर टिपकागद घालून पंख्याखाली, टिपकागद दर दोन-तीन तासांनी बदलत. जास्त असतील तर प्रत्येक पुस्तक वेगळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. गोठले की बिघाड तिथेच थांबतो, मग एकेक काढून वाळवता येते.

ठेवायचे ते आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये. मिळाला नाही तर खळ धुऊन काढलेल्या पांढऱ्या मलमलीत. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे, आणि शिरोळात तर माडीवरच. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, कागदाला ४५ ते ५५ बरी, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कसर आणि वाळवीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या कोपऱ्यात चालतील. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

घरी सांभाळणे जमत नसेल तर कोल्हापूरचे पुरालेखागार, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय किंवा १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर, यांच्याशी बोला. देण्याआधी प्रत्येक नगाची यादी दोन प्रतींत करा : क्रमांक, काय आहे, पाने किती, कुठे फाटले आहे. एका प्रतीवर पोच आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. पत्रे एकाच गठ्ठ्यात आणि मूळ क्रमाने द्या. चांगली-वाईट निवडून वेगळी केलीत तर कोणाला कोणाचे उत्तर आले तो धागा तुटतो.